ख्रिस्ती कॉलेजातलं पहिलं वर्ष, तिथली मंडळं आणि एका वडिलांच्या तीन शंका

प्रश्न कराडजवळच्या एका गावातून आला आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, बारावी कला शाखेतून चांगल्या गुणांनी झाली आणि आता मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये एफवायबीएला प्रवेश मिळाला आहे. राहणार डोंबिवलीला मामाकडे. वडिलांच्या शंका तीन: संस्था ख्रिस्ती आहे, तर धर्माचा काही दबाव असतो का? फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलांत ती एकटी पडेल का? आणि तिथे फेस्ट-क्लब यांचं फार प्रस्थ आहे असं ऐकतो, तर त्यात तिला पडू द्यावं की पहिलं वर्ष नुसता अभ्यास करू द्यावा?

मुंबईतल्या एका ख्रिस्ती महाविद्यालयात मी बरीच वर्षं शिकवलं आणि विद्यार्थी मंडळांची जबाबदारीही माझ्याकडे असायची. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर मी जास्त बोलणार आहे. पण पहिला प्रश्न तुम्ही जरा संकोचून विचारलेला दिसतो, म्हणून आधी तो.

संकोच करू नका, ही शंका मराठी घरांत पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत शाळा काढली. आजचं विल्सन कॉलेज त्याच रोपट्याचं. १८३९ मध्ये त्यांच्याकडे शिकणाऱ्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहरात एकच गदारोळ उडाला, प्रकरण कोर्टात गेलं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला परत हिंदू समाजात घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. म्हणजे भीती हवेतली नव्हती. पण ती त्या काळची होती. त्याच विल्सनमध्ये पुढे धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे शिकले, आणि बेचाळीसच्या लढ्यात गुप्त रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहताही.

आज यावर कायदा स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क आहे. त्याच घटनेच्या कलम २८(३) नुसार सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. प्रत्यक्षात तुमच्या मुलीला काय दिसेल? एखाद्या समारंभाच्या सुरुवातीला प्रार्थना, आवारात चॅपल म्हणजे छोटं प्रार्थनागृह, ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण आणि त्यानंतर नाताळची सजावट. वर्गात गोव्याची मुलं असली तर त्या सुमारास ‘गोंयच्या सायबा’ची (गोव्यात या संताला असंच म्हणतात) गोष्ट आणि घरचा डबा, दोन्ही मिळेल. कॅथलिक विद्यार्थ्यांची स्वतंत्र संघटना असते, ती तिच्या वाट्याला जात नाही. नीतिमूल्यांचे तास असतात आणि ते ऐकायला कोणत्याही धर्माच्या मुलाला अडचण येऊ नये असेच असतात.

१८६९ मध्ये झेवियर्स सुरू करणाऱ्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांची शक्ती कशात खर्च झाली, हे पाहायचं असेल तर मुलीला दोन जागा दाखवायला सांगा. एक ब्लॅटर हर्बेरियम: फादर ब्लॅटर यांचं नाव असलेला, पश्चिम भारतातल्या वनस्पतींच्या वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह. दुसरी हेरास संस्था. फादर हेनरी हेरास हे स्पेनहून आलेले इतिहासकार, त्यांनी १९२६ मध्ये ती उभारली. सिंधू लिपीपासून भारतीय मूर्तिकलेपर्यंत त्यांचा व्यासंग होता. इतिहास विषय घेणारी मुलं तीन वर्षं त्या दारावरून जातात आणि आत डोकावत नाहीत, याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे.

दुसरी शंका खरी आहे, आणि तिला गोड उत्तर देण्यात अर्थ नाही. पहिले काही आठवडे तिला जड जातील. व्याख्यान समजेल, कारण पुस्तकी इंग्रजी तिला येतं; अडेल ते कॅन्टीनमध्ये. तिथली मुलं इंग्रजीत विनोद करतात, बांद्रा-कुलाब्याच्या शाळांमधले जुने संदर्भ देतात, आणि आपण हसावं की नाही हे कळेपर्यंत विषय बदललेला असतो. शाळेपासून एकत्र आलेले गट असतात. ते मुद्दाम कुणाला दूर ठेवतात असं नाही, त्यांना नव्या माणसाची गरज पडत नाही, इतकंच. यावर ‘बिनधास्त बोल’ हा सल्ला निरुपयोगी. उपयोगी पडतं ते काम. एकाच कामाला जुंपलेली चार मुलं आठवड्यात मैत्र होतात, मग भाषा कुठलीही असो. म्हणून माझं म्हणणं असं की दुसऱ्या शंकेचं उत्तर तिसरीत दडलं आहे: मंडळात जाऊ द्याच. फक्त कुठल्या आणि कशासाठी, ते नीट पाहा.

झेवियर्सचा मोठा उत्सव म्हणजे मल्हार. १९७९ पासून चालू आहे, पावसाळ्यात भरतो म्हणून रागाचं नाव, आणि तारखा साधारण स्वातंत्र्यदिनाच्या मागेपुढे. आता हिशोब करा. प्रवेश आणि पहिले तास जून-जुलैत, उत्सव ऑगस्टमध्ये. म्हणजे नवी मुलगी वर्ग कुठे आहेत हे शोधत असतानाच सीनियर मुलं कार्यकर्ते गोळा करायला वर्गावर येतात. फॉर्म, मग मुलाखत, मग यादी. या मुलाखतीत नकार मिळाला म्हणून रडलेली मुलं मी दरवर्षी पाहिली आहेत. तिला आधीच सांगून ठेवा: जागा कमी आणि अर्ज ढीगभर असतात, एका विभागाने घेतलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं.

विभाग कोणता घ्यावा, याबद्दल माझं मत ठाम आहे आणि मुलांना ते आवडत नाही. सगळ्यांना पीआर (जनसंपर्क) किंवा मार्केटिंग हवं असतं, कारण त्यात मिरवणं आहे. पहिल्या वर्षाच्या मुलीने लॉजिस्टिक्स, तांत्रिक किंवा पाहुण्यांची व्यवस्था यांपैकी एक मागावं. मार्केटिंगमध्ये नवख्या मुलाच्या हाती कंपन्यांच्या फोननंबरांची यादी येते, आणि ज्याच्या वडिलांची ओळख त्याचं काम होतं. लॉजिस्टिक्समध्ये मात्र मांडववाला वेळेवर आला का, जनरेटर कुठे उभा राहील, पाऊस आला तर स्टेजवरच्या वायरी कशा झाकायच्या, दोनशे खुर्च्या परत गेल्या त्याची पावती कुठे आहे, हे बघावं लागतं. ही सगळी बोलणी मराठी-हिंदीत होतात. दक्षिण मुंबईतला मुलगा इथे चाचपडतो आणि कराडकडची मुलगी मांडववाल्याला ‘काका, काल सहाला येतो म्हणालात ना?’ असं विचारून काम करून घेते.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. मुंबईत कुठलाही मोठा कार्यक्रम करायचा तर पोलीस ठाणं, महापालिकेचं वॉर्ड ऑफिस, अग्निशमन दल, वाहतूक पोलीस अशा दारांवर पत्रं न्यावी लागतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. शिवाय रुग्णालय, न्यायालय आणि शिक्षणसंस्थेभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि झेवियर्सच्या शेजारी तर कामा रुग्णालय आहे. ही पत्रं शुद्ध, मुद्देसूद मराठीत असली तर टेबलावरचा माणूस ती नीट वाचतो. ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ एवढं ज्याला सहज लिहिता येतं, ते मूल उत्सव समितीला सोन्यासारखं वाटतं. वर्गात मराठी लपवणारी मुलं अशा पत्रांच्या जोरावर दुसऱ्या वर्षी विभागप्रमुख झालेली मी पाहिली आहेत.

यामागे थोडा इतिहासही आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधल्या थेट निवडणुका बंद केल्या. विद्यार्थी परिषद गुणवत्तेवर आणि नेमणुकीवर चालू लागली. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली खरी, पण दोन पिढ्यांची सवय एका कायद्याने मोडत नाही. माणसं जमवायची, पैशाचा हिशोब द्यायचा, रुसलेल्याला परत आणायचं, हे शिकायची जागा निवडणूक न राहता उत्सव झाली. म्हणून मुंबईच्या कॉलेजांत फेस्टला इतकं वजन आहे. यात एक वाईटही झालं: उत्सवाला खर्च लागतो, खर्चाला प्रायोजक लागतो, आणि मग अठरा वर्षांची मुलं बँकेच्या फलकाला किती फूट जागा द्यायची यावर रात्र घालवतात. मला हे कधीच पटलं नाही. मुलीला विक्रीचं उद्दिष्ट दिलं आणि ते पुरं करायला तिने मामाच्या शेजाऱ्यांना पास खपवावेत अशी अपेक्षा ठेवली, तर तिने सरळ नाही म्हणावं.

तरीही मोठा उत्सव म्हणजे घर नव्हे. तीन दिवस हजारो मुलं येतात, विसाव्या दिवशी त्यांतली ओळखीची चार उरतात. वर्षभर ज्या खोलीत डबा उघडून बसता येईल अशी जागा लहान मंडळातच मिळते. म्हणून माझं सूत्र असं: उत्सवाला हातभार, आणि मुक्काम छोट्या मंडळात.

तिच्यासाठी पहिलं नाव अर्थातच मराठी वाङ्मय मंडळ. झेवियर्समध्ये ते आहे आणि ‘आमोद’ नावाचा त्यांचा मराठी उत्सव होतो. काही पालकांना वाटतं, इंग्रजी सुधारायला पाठवलं आणि ही मराठी मंडळात बसली. उलट आहे. जिथे आपली भाषा चालते तिथे मूल आधी माणूस म्हणून उभं राहतं, मग इंग्रजी आपोआप धाडसाने बोलतं. शिवाय या मंडळांतून मुंबईचं मराठी नाटक दिसतं. आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटर), लोकांकिका आणि जानेवारीतली सवाई या एकांकिका स्पर्धा, विद्यापीठाचा युवा महोत्सव. तिथे रुईया, मिठीबाई, साठ्ये अशा कॉलेजांची मुलं भेटतात, तालमी बघायला मिळतात. नाटकात काम करायचंच असेल तर मात्र डोंबिवलीचा विचार करा. तालमी संध्याकाळी सुरू होतात आणि स्पर्धेच्या आठवड्यात रात्री संपतात. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा यांत काम केलं तर वेळ जरा आपल्या हातात राहतो.

दुसरं, इंडियन म्युझिक ग्रुप. सत्तरच्या दशकापासून विद्यार्थी तो चालवत आले आहेत. त्यांच्याकडे शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे आणि दर जानेवारीत ‘जानफेस्ट’ ही मैफल भरते. गाता यावं लागत नाही. कलाकाराला स्टेशनवरून आणणं, तानपुरे सांभाळणं, रसिकांना जागा दाखवणं, यातच कान तयार होतो. गावच्या भजनात वाढलेली मुलं इथे फार लवकर रमतात.

तिसरं नाव मी प्रत्येक पालकाला सांगते, आणि ते क्वचितच कोणी आधी ऐकलेलं असतं. झेवियर्समध्ये २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र आहे, एक्सआरसीव्हीसी. अशा कामाला वाचक आणि परीक्षेला लेखनिक लागतात. लेखनिक होणं म्हणजे समोरचा सांगेल ते, सांगेल तसंच, आपली अक्कल न मिसळता लिहिणं. यासारखं शिक्षण कुठल्याच तासात मिळत नाही. मराठी-हिंदी लिहिणारे लेखनिक दक्षिण मुंबईत सहज सापडत नाहीत, तेव्हा तुमच्या मुलीची तिथे खरोखर गरज पडेल.

एनएसएस आणि एनसीसी तुम्हाला गावातही माहीत असतील. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिर बहुधा पालघर, रायगड किंवा ठाणे जिल्ह्यातल्या एखाद्या गावात असतं, आणि तिथे शहरी मुलांना विहिरीवरून पाणी शेंदायला तुमची मुलगीच शिकवेल. एनसीसीला ‘बी’ आणि ‘सी’ प्रमाणपत्रं आहेत, सैन्यदल किंवा पोलीस भरतीचा विचार असेल तर उपयोगी. पण पहाटेची परेड आणि डोंबिवली यांचं जमत नाही. याखेरीज कॉलेजचं स्वतःचं सामाजिक सहभागाचं काम असतं, त्याचे ठरावीक तास विद्यार्थ्यांना भरावेच लागतात. ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नयेत.

एक वही, एक तास, एक मंडळ असं मोजून जगणाऱ्या मुलांसाठी एवढंच सांगते: नव्या शैक्षणिक धोरणात सहशालेय कामालाही क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, आहेत. महाराष्ट्रात ते स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आलं. त्यामुळे नुसत्या प्रमाणपत्रासाठी पाच मंडळांत नाव घालणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. व्हॉट्सअ‍ॅप गट पाच, काम कुठेच नाही. मंडळ चालवणाऱ्याला हे पहिल्या पंधरवड्यात कळतं.

आता अभ्यास. झेवियर्स २०१० पासून स्वायत्त आहे, म्हणजे पेपर काढणं, तपासणं, अंतर्गत मूल्यमापन हे सगळं कॉलेजच्या हातात. वर्षाखेरीला तीन आठवडे डोकं घालून पास होण्याची सोय तिथे नाही. सत्र चालू असतानाच चाचण्या, निबंध, गटाने करायची सादरीकरणं चालू असतात, आणि पहिली फेरी मल्हार संपल्यावर अंगावर येते. अभ्यास बुडतो तो उत्सवाच्या तीन दिवसांत नव्हे, त्यानंतरच्या दोन आठवड्यांत, जेव्हा मूल थकलेलं असतं आणि आठवणी काढत कॅन्टीनमध्ये बसतं. फोनवर चौकशी करायचीच तर तेव्हा करा.

हजेरी ७५ टक्के लागते. उत्सवाच्या कामासाठी चुकलेले तास भरून मिळतात असं सीनियर सांगतील. मिळतात, पण आपोआप नाही. मंडळाच्या प्रभारी प्राध्यापकांची सही, तारीख आणि तासांची यादी असलेला कागद ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो. तो कागद सीनियर देईल या भरवशावर राहिलेल्या मुलांना परीक्षेच्या तोंडावर धावपळ करताना बघणं हा माझ्या नोकरीचा ठरलेला भाग होता. तिने स्वतः जावं, स्वतः सही घ्यावी, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

प्रवासाचं गणित मामींना विचारून करा, त्यांना ते जास्त कळतं. जलद लोकलने डोंबिवली ते सीएसएमटी तास-सव्वा तास, पुढे दहा मिनिटं चालत. येण्याजाण्यात रोजचे अडीच-तीन तास गेले. एवढ्यात बसेल असा नियम घालून द्या, आणि तो पहिल्याच दिवशी मंडळात सांगायला लावा: अमुक वाजता मी निघणार. उत्सवाचा आठवडा सोडून. आधी सांगितलं की कुणाला काही वाटत नाही. नवव्या दिवशी अचानक सांगितलं की कामचुकार ठरते. त्या एका आठवड्यासाठी दादर-परळकडे कुणी नातेवाईक असेल तर तिथे मुक्काम करू द्या. रात्री दहाला एकटीने परत येण्यापेक्षा ते बरं.

पैशाचं थोडक्यात. मंडळांची वर्गणी फारशी नसते. खर्च होतो तो टी-शर्ट, पार्टी, ‘सगळे चाललेत’ यावर. धोबीतलावाला इराण्याकडे चहा-ब्रून मस्का खाऊनही मैत्री होते, त्याला कॉफीशॉप लागत नाही.

रॅगिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी प्रवेशाच्या वेळी तुमची आणि मुलीची हमीपत्रं घेतली असतील. महाराष्ट्रात १९९९ पासून याविरुद्ध कायदा आहे, यूजीसीचे नियम २००९ चे, आणि राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. आजकाल त्रास असतो तो अंगावर हात टाकण्याचा कमी आणि ‘ज्युनियर आहेस, रात्री दोनपर्यंत पोस्टर रंगव’ या प्रकारचा जास्त. समितीतल्या कामाच्या नावाखाली होतं म्हणून मुलांना ते रॅगिंग वाटत नाही. असं काही झालं तर सीनियरशी वाद न घालता सरळ प्रभारी प्राध्यापकांकडे जावं. कॉलेजात समुपदेशकही असतात, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही.

मंडळ मध्येच सोडावंसं वाटलं तर? सोडू द्या, पण पद्धतीने: हातातलं काम दुसऱ्याला समजावून, हिशोबाचे कागद आणि किल्ल्या देऊन, प्रमुखाला तोंडावर सांगून. गट सोडून गायब होणाऱ्याला पुढची तीन वर्षं कुणी हाक मारत नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की तिचा कार्यक्रम बघायला आम्ही दोघं आलो तर चालेल का. मल्हारला येऊ नका. दारावर ओळखपत्र आणि पास बघतात, आत रेटारेटी, आणि ती कामात इतकी गुंतलेली असेल की तुमच्याशी धड दोन शब्द बोलणार नाही. जानेवारीत जानफेस्टला या. थंडी असते, बसायला जागा असते, गाणं चांगलं असतं, आणि मध्यंतरात तिला तुम्हाला आवार दाखवायला वेळ मिळेल.